विश्लेषण : इटलीत तीन विजेतेपदे, अखेर ऑशविट्झमध्ये… फुटबॉल प्रशिक्षक अर्पाद वाइस कोण होते?

मिलानच्या सॅन सिरो स्टेडियमला ज्युसेप्पे मेआत्सा या महान फुटबॉलपटूचे नाव आहे. मात्र मेआत्साला किशोरवयात मुख्य संघात खेळवणारे प्रशिक्षक अनेक दशके विस्मरणात गेले होते. हंगेरीच्या अर्पाद वाइस यांनी दोन क्लबना मिळून तीन वेळा इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. केवळ ज्यू असल्याने त्यांना तो देश सोडावा लागला.

युद्धकैदी ते प्रशिक्षक…

वाइस यांचा जन्म १८९६ मध्ये हंगेरीतील शोल्ट येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते इटलीच्या सैन्याच्या हाती लागले. इटलीशी त्यांचा पहिला संबंध आला तो युद्धकैदी म्हणून. पुढे डाव्या बगलेवरून खेळणारे आक्रमक म्हणून त्यांनी हंगेरीचे प्रतिनिधित्व केले. १९२४च्या ऑलिम्पिक संघातही त्यांची निवड झाली होती. त्यानंतर ते इटलीत खेळू लागले, पण दुखापतीमुळे कारकीर्द लवकर संपली. १९२६ मध्ये इटलीने परदेशी खेळाडूंवर बंदी घातली. प्रशिक्षकांना मात्र ती लागू नव्हती. लहान पासच्या खेळात तरबेज असलेल्या हंगेरीच्या प्रशिक्षकांना त्या काळी इटलीत मोठी मागणी होती. वाइस यांनी त्याच वर्षी मिलानच्या इंटर क्लबची सूत्रे घेतली.

मेआत्साला संधी…

१९२७ मध्ये वाइस यांनी १७ वर्षांच्या मेआत्साला थेट मुख्य संघात खेळवले. दोन्ही पाय सारखे चालावेत म्हणून ते त्याच्याकडून भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव करून घेत, असे सांगितले जाते. कोट-टाय घालून बाजूला उभे राहण्याऐवजी ते स्वतः खेळाडूंसोबत मैदानात सरावाला उतरत. फॅसिस्ट राजवटीने ‘इंटरनॅशनल’ हा शब्द नको म्हणून क्लबला ‘अम्ब्रोसियाना’ हे नाव घ्यायला लावले होते. याच नावाने क्लबने १९२९-३०च्या पहिल्या ‘सेरी ए’चे विजेतेपद पटकावले. मेआत्साने ३१ गोल केले. ३४ वर्षांचे वाइस ही स्पर्धा जिंकणारे सर्वांत तरुण प्रशिक्षक ठरले. त्याच वर्षी त्यांचे फुटबॉल प्रशिक्षणावरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

बोलोन्याचा सुवर्णकाळ…

१९३५ मध्ये ते बोलोन्या क्लबकडे गेले. सलग पाच विजेतेपदे मिळवणाऱ्या युव्हेंटसची मक्तेदारी त्यांच्या संघाने मोडली आणि १९३६ व १९३७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे जिंकली. १९३७ मध्ये पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत बोलोन्याने इंग्लंडच्या चेल्सीला ४-१ असे हरवले.

१९३८ मध्ये काय घडले?

मुसोलिनीच्या सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये वांशिक कायदे आणले. १९१९ नंतर आलेल्या परदेशी ज्यूंना सहा महिन्यांत देश सोडण्याचा आदेश निघाला. ऑक्टोबरमध्ये वाइस यांनी बोलोन्याचे प्रशिक्षकपद सोडले. जानेवारी १९३९ मध्ये पत्नी, मुलगा रोबेर्तो आणि मुलगी क्लारा यांच्यासह ते पॅरिसला गेले. त्यांनी घडवलेल्या संघाने त्याच हंगामात पुन्हा विजेतेपद जिंकले. पण तेव्हा प्रशिक्षक दुसरे होते.

नेदरलँड्समधील अखेरची वर्षे…

नेदरलँड्समधील डॉर्डरेख्त शहरात ‘डीएफसी’ या छोट्या क्लबने त्यांना काम दिले. त्यांनी या क्लबला खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचवले. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले. १९४१ मध्ये ज्यूंवरील निर्बंधांमुळे वाइस यांना प्रशिक्षकपद सोडावे लागले. ऑगस्ट १९४२ मध्ये कुटुंबाला अटक झाली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना ऑशविट्झकडे नेणाऱ्या रेल्वेत बसवण्यात आले. तेथे पोहोचताच पत्नी आणि १२ व ८ वर्षांच्या मुलांची हत्या करण्यात आली. वाइस यांना मजुरीसाठी वेगळे काढण्यात आले होते. ३१ जानेवारी १९४४ रोजी ऑशविट्झमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

पुन्हा स्मरणात कसे आले?

युद्धानंतर इटलीत त्यांच्याविषयी फारसे कोणी विचारले नाही. पत्रकार मात्तेओ मारानी यांनी कुटुंबाचा माग काढत २००७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर २००९ मध्ये बोलोन्याच्या आणि २०१२ मध्ये सॅन सिरोच्या स्टेडियममध्ये त्यांच्या नावाचा फलक लागला. आपल्या शिष्याचे नाव मिरवणाऱ्या मैदानात वाइस यांचे नाव लागायला त्यांच्या मृत्यूनंतर ६८ वर्षे जावी लागली.