दोन चुली आणि एक दत्तू

जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाहून पूर्वेकडे निघाले की थोड्याच अंतरावर पारनेर तालुका, म्हणजे नगर जिल्हा लागतो. नगर शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले, तरी मराठी वाचकाच्या मनात एका संसाराची गोष्ट जुन्या नगरशीच जोडलेली आहे. आईवडील वेगळे झाले की मूल कोणाचे, हा प्रश्न आज आपल्या खेड्यापाड्यांतही उंबऱ्याशी आला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तोच प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांपुढे उभा राहिला होता.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. गोखल्यांच्या त्या घरात सोवळ्या-ओवळ्याचा भलताच कडक अंमल होता. अकरा-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक बुद्धिमान, कवी, मनाने दिलदार. पण संसारात पाय न ठरणारे. हातचा पैसा देऊन टाकायचा, मनात आले की घर सोडून निघायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकोला अक्षरओळख मात्र त्यांनीच करून दिली. आधीची मुले हाती लागली नव्हती. १८९१ साली झालेला दत्तू, म्हणजे देवदत्त, हाच काय तो आधार.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि एका दिवसात घर दुभंगले. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी लक्ष्मीबाईंची स्थिती झाली. चार वर्षांच्या दत्तूला घेऊन त्या पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. टिळकांनी नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम धरले.

तेव्हाचा कायदा पाहिला म्हणजे या बाईच्या डोक्यावर काय टांगले होते ते कळते. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला कोर्टात जाता येत होते. धर्मापायी बायको नांदायला तयार नसेल, तर तिला विचारासाठी वर्षाची मुदत मिळे. तरीही ती नाहीच म्हणाली, तर विवाह रद्द होऊन दोघांना दुसरे लग्न करता येई. मुलाबाबत १८९० चा पालक व पाल्य कायदा होता. बाप हयात असून नालायक ठरलेला नसेल, तर कोर्टाने दुसरा पालक नेमू नये, असे त्यात होते. धर्म बदलला म्हणून माणसाचे हक्क जात नाहीत, हे तर १८५० च्या कायद्यानेच ठरले होते. थोडक्यात, कागदोपत्री दत्तू बापाचा होता. एखाद्या दिवशी मूल हातचे जाईल, ही धास्ती त्या माउलीला वाटणे स्वाभाविक होते.

दुसऱ्या बाजूला नातलग होते. त्यांनी आधार दिला, सांभाळले, हे खरे. पण अशा वेळी मूल आईचे किंवा बापाचेही राहत नाही. ते कुळाचे, जातीचे, लोकांच्या अब्रूचे होते.

टिळकांनी कोर्टाची पायरी चढली नाही. विवाह रद्द करून घेतला नाही आणि दुसरे लग्नही केले नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंचे दुःख मोठे होते, संतापही होता. आणि तो रास्तच होता, कारण एवढा निर्णय घेताना बायकोचा विचार झाला नव्हता. तरीही त्यांनी दत्तूचे बापाशी असलेले नाते तोडले नाही. काही वर्षांनी दत्तूला घेऊन त्या नगरला आल्या. पण आल्या त्या आपल्या अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्याने त्याला हरकत घेतली नाही. आईची चूल आणि बापाची माया, दोन्ही आता दत्तूच्या आवाक्यात आली.

पुढे जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने केला आहे, हे लक्ष्मीबाईंच्या मनाला स्वतःच्याच विचाराने पटले आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. त्या घरात मग अनेक पोरकी मुले वाढली, बालकवी ठोंबरेही राहिले.

प्रत्येक मोडलेला संसार असा पुन्हा जुळत नाही, आणि जुळलाच पाहिजे असेही नाही. जिथे मारझोड आहे, व्यसन आहे, तिथे वेगळे होणेच मुलाच्या हिताचे असते. पण नवराबायको वेगळी झाली तरी आई आणि बाप ही नाती संपत नाहीत. कायद्याला हे उमजायला फार वेळ लागला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे असे म्हटले, पण नैसर्गिक पालक म्हणून पहिला मान बापालाच दिला. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईचा हक्क बापाच्या मृत्यूपर्यंत थांबत नाही, हे स्पष्ट केले. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात मुलाचा ताबा दोघांकडे संयुक्तपणे देण्याची सोय कायद्यात असावी, अशी शिफारस केली. पण ताबा शेवटी कागदावर असतो. शनिवारी मुलाला बापाकडे पाठवताना आईने तोंड पाडायचे की नाही, आणि परत आणून सोडताना बापाने दारात भांडण उकरायचे की नाही, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिता येत नाही.

टिळक १९१९ साली गेले. देवदत्त वडिलांचे चरित्र लिहायला बसले, तेव्हा त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ उभे राहिले. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात नवऱ्याचे दोष झाकलेले नाहीत आणि त्याच्यावरचे प्रेमही लपवलेले नाही. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य टिळकांनी सुरू करून अर्धवट सोडले होते. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि शेवटचा राहिला, तो देवदत्तांनी लिहिला.

ज्या मुलाची कधी ओढाताण झाली होती, त्याच्याच हातून आईवडिलांचे अपुरे काम तडीला गेले. दत्तू कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कोर्टाने दिले नाही आणि जातीनेही दिले नाही. तो दोघांचा होता.