सार्वजनिक काकांचे वकीलपत्र

आपल्याकडील जुन्या घरांच्या माळ्यांवर अजूनही कुठे कुठे रुमालात बांधलेली दप्तरे निघतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या बाजूस आलेल्या घराण्यांची इनामे, घरे, भाऊबंद सारे देशावर राहिलेले. त्यामुळे अशा दप्तरात सनदा, वाटणीपत्रे, गहाणखते यांच्या जोडीला एखादे मुखत्यारपत्रही हमखास असते. आपण इतक्या लांबून कोर्टात हजर राहू शकत नाही, सबब अमक्या पुतण्यास किंवा तमक्या स्नेह्यास आपल्या वतीने बोलण्याचा, सही करण्याचा व फिर्याद चालविण्याचा अधिकार देत आहोत, असा त्यातील मजकूर. वाचायला अत्यंत रुक्ष. पण याच रुक्ष कागदातून पुण्यातील एका वकिलाने पाऊणशे-शंभर माणसांची एक सभा उभी केली आणि जे कधी कचेरीची पायरी चढू शकले नसते अशा हजारोंना बोलता केले. या वकिलाचे नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत, आणि पुढे मूळ नावाची आठवण फारशी कोणाला राहिली नाही.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. साताऱ्याच्या गादीचे शेवटचे दिवस त्यांच्या बालपणी व तरुणपणी सरले. १८४८ मध्ये ते राज्य खालसा झाले. तरुण गणेशपंत पुण्यास आले, सरकारी कचेरीत कारकुनी करू लागले. ती नोकरी टिकली नाही. मग वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी सनद मिळवली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. विलायतेत बॅरिस्टर झालेल्या माणसाला कोर्ट दिसते ते न्यायाधीशाच्या समोरून. कारकुनाला ते दिसते नाझराच्या टेबलापासून, समन्स घेऊन निघालेल्या शिपायापासून, आणि व्हरांड्यात सकाळपासून उकिडव्या बसलेल्या कुणब्यापासून. काकांनी न्यायाचे घर आधी मागल्या दाराने पाहिले.

निमित्त पर्वतीचे झाले. पर्वती संस्थानचा कारभार ज्या पंचांकडे होता त्यांच्याविषयी पुण्यात असंतोष माजला होता. तक्रार करावी तर कोणी करायची? एकट्याने केली तर तुझा संबंध काय, असा प्रश्न ठरलेला. काकांच्यातल्या वकिलाला नेमकी ही अडचण दिसली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष. नाव मोठे, मंडळी प्रतिष्ठित. पण सभेचे खरे वैशिष्ट्य तिच्या एका नियमात होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. जात, धर्म, धंदा कोणताही चालेल. सुमारे ६००० लोकांनी सह्या-निशाण्या करून ९५ सभासद पाठविले, आणि सरकारकडे जाणाऱ्या अर्जाला एकाएकी वजन आले. मतदानाचे नावही ज्या देशात नव्हते तिथे हा प्रकार घडला. पुढे मोठमोठ्या परिषदा झाल्या, पण आपण कोणाच्या वतीने बोलतो याचा लेखी पुरावा खिशात घेऊन बसलेली मंडळी त्यांत क्वचितच असतील.

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायखात्याच्या कामावर पुण्यास आले. ते सरकारी नोकर, तेव्हा सभेत पुढे होणे त्यांना शक्य नव्हते. रानड्यांनी विचार करावा, मसुदा सुचवावा; सीताराम हरी चिपळूणकरांसारख्यांनी लेखणी चालवावी; आणि काकांनी घरोघर हिंडून माणसे, सह्या व वर्गणी जमवावी अशी वाटणी पडली. या वाटणीत रानड्यांचे नाव इतिहासात ठसठशीत उमटले, काकांचे पुसट झाले. हिंडणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यायचेच.

त्या काळी गरीब शेतकऱ्याला कोर्ट म्हणजे काय होते हे समजल्याखेरीज काकांचे काम समजत नाही. शेतकऱ्याने सावकाराकडून कर्ज घेतले की खत होई. खतावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. सहीच्या जागी तो नांगराची निशाणी काढून देई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा कर्जाच्या फिर्यादीला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या रक्षणाचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. मग फिर्याद. समन्स कुळापर्यंत पोचले तर पोचले. पोचले तरी तालुक्याचे गाव दूर, पेरणीचे दिवस, वकिलाला द्यायला पैसा नाही, आणि खताखाली निशाणी तर आपलीच. मग जायचे कशाला? कोर्ट एकतर्फी हुकूमनामा करी आणि मागाहून बैल-जमिनीवर जप्ती येई. न्यायाधीश अन्यायी होते असे नव्हे. त्यांच्यासमोर एकच बाजू येत होती.

मे १८७५ मध्ये भीमथडीतील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांना पैसा-दागिन्यांपेक्षा खते हवी होती; ती हिसकावून त्यांची होळी झाली. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. सार्वजनिक सभेने मात्र त्याआधीच खेडोपाडी माणसे पाठवून वाढलेला सारा व शेतकऱ्याचे कर्ज यांची माहिती गोळा केली होती आणि सरकारपुढे मांडली होती. ही खेड्यांतून माहिती आणण्याची सवय पुढे १८७६-७८ च्या दुष्काळात फार उपयोगी पडली.

याच सुमारास काकांनी लवाद कोर्टाचा उद्योग आरंभिला. नाव कोर्टाचे, पण सरकारशी त्याचा संबंध नाही. तंट्यातील दोन्ही पक्षांनी लवाद मान्य असल्याचे लिहून द्यायचे, मग विश्वासू व जाणत्या गृहस्थांनी त्यांचे ऐकून निवाडा करायचा. कोर्टफीचा मोठा खर्च टळे, तारखांवर तारखा टळत, आणि मुख्य म्हणजे भाषा आपली, माणसे ओळखीची. हे केवळ सामोपचाराचे गोड बोलणे नव्हते. दिवाणी कायद्यात लवादाचा निवाडा कोर्टात दाखल करून त्याचा हुकूमनामा करून घेण्याची सोय होती, आणि काका वकील असल्याने त्यांना ती नेमकी माहीत होती. इंग्रजी कायद्याच्या या एका खिडकीतून त्यांनी जुनी पंचायत पुन्हा घरात घेतली. पेशवाईत पंचायतीपुढे जाण्याआधी वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करू असा कबुलीचा कागद देत; त्याला राजीनामा म्हणत. आज राजीनामा म्हणजे काम सोडणे. शब्दांचे नशीबही काय असते पाहा! पुण्यामागोमाग इतर गावींही अशी लवाद कोर्टे निघाली.

गरिबांसाठी झटणारा वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक भोळाभाबडा परोपकारी येतो. काका तसे नव्हते. ते हट्टी होते आणि हा हट्ट त्यांच्या अंगावर दिसत असे. १८७२ मध्ये त्यांनी स्वदेशी कापड वापरण्याचे व्रत घेतले आणि स्वतः सूत कातून त्याचे कपडे घालू लागले. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात, जिथे हिंदुस्थानातले राजेमहाराजे जरतार-जवाहिरांनी लखलखत होते, तिथे सभेच्या वतीने गेलेले काका हाच जाडाभरडा वेष घालून गेले. खादी हा शब्द राजकारणात यायला अजून पुरी चाळीस वर्षे होती.

आता आपल्या बडोद्याची हकीकत. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला. जानेवारी १८७५ मध्ये मल्हारराव महाराजांस अटक झाली आणि चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. तीन इंग्रज, तिघे आपल्याकडील: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाईन आले. तिघा इंग्रजांनी दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी तो आरोप सिद्ध मानला नाही. तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. कारण दिले ते गैरकारभाराचे. सार्वजनिक सभेने या प्रकरणी गायकवाडांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केला. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे म्हणायला आपल्या शहरातील वृद्धांचीही जीभ कधी रेटली नसेल, आणि त्यांच्यामागून सयाजीराव आले हे बडोद्याचे भाग्यच. पण सभेचा मुद्दा निराळा होता. आरोप एक, चौकशी त्या आरोपाची आणि शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी, हे कोणत्या न्यायात बसते? राजा असला म्हणून त्याचा हा हक्क जात नाही. सुप्याच्या कुणब्यासाठी जो प्रश्न, तोच गायकवाडांसाठी.

या हट्टाची खरी परीक्षा १८७९ मध्ये झाली. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीस होते. रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली होती, स्वदेशीचे व्रत घेतले होते. पण अर्जविनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि त्यांनी रामोशी जमवून बंड पुकारले. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा आगीत सापडले. त्या आगी बंडवाल्यांनी लावल्या नव्हत्या हे पुढे उघड झाले. पण त्या दिवसांत सरकारला प्रत्येक शिकलेल्या पुणेकराच्या पागोट्याखाली बंड दिसू लागले होते. रानड्यांसारख्या न्यायाधीशाचीही संशयावरून धुळ्यास बदली झाली. जुलैमध्ये निजामच्या मुलखातून जात असता वासुदेव बळवंतांचा पाठलाग झाला आणि विजापूरकडील देवरनावडगी येथे ते पकडले गेले. खटला पुण्याच्या सेशन कोर्टात.

अशा आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे आपले नाव सरकारच्या काळ्या यादीत स्वतःच्या हाताने लिहून देणे. शिवाय ज्याच्यापाशी पैसा नाही, ज्याचे साथीदार पांगले आहेत, त्याच्याकडून फीची आशा ती काय? पुण्यात पुढे व्हायला कोणी धजेना. काका पुढे झाले. लक्षात घ्या, काकांचा मार्ग अर्जाचा, सनदशीर. अशिलाचा मार्ग दरोड्याचा आणि हत्याराचा. अशिलाने ज्या वाटेला व्यर्थ म्हणून लाथाडले त्याच वाटेवर काकांनी दहा वर्षे घालवली होती. शिवाय सभेचा हा प्रमुख कार्यकर्ता बंडखोराच्या शेजारी उभा राहिला म्हणजे सभाही बंडात आहे असे म्हणायला सरकारला निमित्त मिळणार. काही मित्रांना हे धाडस अविचाराचे वाटले असेल तर त्यांना दोष देता येत नाही. दहा वर्षे जपलेले झाड एका खटल्यासाठी पणाला लावायचे? माझे मत विचाराल तर, त्यांनी ते लावले म्हणूनच ते झाड जपण्यालायक होते.

खटला जिंकण्यासारखा नव्हता. वासुदेव बळवंतांच्या हातची रोजनिशी आणि आत्मवृत्त पोलिसांच्या हाती लागले होते. त्यांत बेत, मारलेले दरोडे, मनातला संताप सारे काही होते. आरोपीने स्वतःच लिहून ठेवल्यावर वकिलाने काय करायचे? पण वकिलाने हजर असायचे ते केवळ जिंकण्यासाठी नाही. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारले जावेत, सरकारी वकिलाचे प्रत्येक म्हणणे तपासले जावे, आणि आरोपीने कठड्यात उभे राहून मागे वळून पाहिले तर तिथे कोणीतरी आपले असावे, एवढ्यासाठीही असते. हजारो एकतर्फी हुकूमनामे पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागले नाही. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हायकोर्टातील अपिलाचाही उपयोग झाला नाही. वासुदेव बळवंतांस एडनच्या तुरुंगात नेऊन ठेवले.

त्याच वर्षी, १८७९ मध्ये, सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. कर्जाचा मागचा इतिहास कोर्टाने तपासावा, फिर्यादीआधी तडजोड करून देणारी माणसे नेमावीत अशा तरतुदी त्यात आल्या. त्याचे श्रेय एकट्या काकांना देणे खरे होणार नाही. दंगे, कमिशन आणि काही विचारी इंग्रज अंमलदार या सर्वांचा त्यात वाटा होता. एवढे खरे की सरकारी कायद्यात जी गोष्ट १८७९ मध्ये आली ती पुण्यात काकांच्या लवादात आधीपासून चालू होती.

काकांना यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. दहा वर्षांची पायपीट, दुष्काळातील दगदग, आणि अखेर हा खटला. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचा पुण्यात अंत झाला. वासुदेव बळवंत एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वारले. तोवर त्यांच्या वकिलाला जाऊन अडीच वर्षे लोटली होती.