फळमाशीच्या आधी मॉर्गन यांनी कापलेला कृमी

थॉमस हंट मॉर्गन म्हटलं की फळमाशी आठवते. 1933 चं नोबेलही त्यांना माशीवरच्या कामासाठीच मिळालं. पण त्याआधी हा माणूस एका चपट्या कृमीच्या मागे लागला होता, आणि तोच कृमी आज औषधांच्या संशोधनात कामाला आलाय.

मॉर्गन यांचा जन्म 1866 चा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. 1890 मध्ये पीएचडी आणि पुढच्याच वर्षी ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात नोकरी. तिथे असताना त्यांनी प्लॅनेरिया हाती घेतला. गोड्या पाण्यात राहणारा, जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा कृमी. मधोमध कापा, शेपटीकडच्या अर्ध्याला नवं डोकं येतं, मेंदूसकट! मॉर्गन तुकडे लहान लहान करत गेले. अख्ख्या कृमीच्या 1/279 एवढ्या तुकड्यातूनही नवा कृमी होऊ शकतो, हा त्यांचा हिशोब आजही सांगितला जातो.

आकडा भारी आहेच, पण खरी गंमत पुढे आहे. डोकं कुठल्या टोकाला उगवायचं, हे तुकड्याला कळतं कसं? कारण फारच आखूड तुकड्यांना कधी कधी चक्क दोन्ही टोकांना डोकी यायची. डोक्याकडून शेपटीकडे कसला तरी पदार्थ कमी कमी होत जात असावा, असा अंदाज मॉर्गन यांनी मांडला. 1901 मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिलं. 1904 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली आणि कृमी मागे पडला. माझ्या मते तो शहाणपणाचाच निर्णय होता. पेशींमधले सिग्नल वाचायची साधनं तेव्हा होती कुठे? 1945 मध्ये मॉर्गन गेले, कोडं तसंच राहिलं.

2009 मध्ये दोन डोकी पुन्हा दिसली, यावेळी औषधामुळे. प्राझिक्वांटेल हे शिस्टोसोमियासिस या आजारावरचं औषध. हा आजार करणारे परजीवीही चपटकृमीच. पण ते वाढवायचे तर गोगलगायी हव्यात, उंदीर हवेत. प्लॅनेरियाला पाण्याची बशी पुरते. संशोधकांनी कापलेले प्लॅनेरिया या औषधात ठेवले, तर तुकड्यांना दोन्हीकडे डोकी फुटली. पेशीत कॅल्शियम शिरण्याशी औषधाचा संबंध आहे, याचा धागा त्यातून हाती आला. त्याच गटाने 2019 मध्ये परजीवीच्या पेशीवरचं, या औषधाने उघडणारं कॅल्शियमचं दार शोधून काढलं.