शिलिंगबाईंची पितळी चकती

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात, वॉटरलूव्हिल येथे ८ मार्च १९०९ रोजी एका खाटकाच्या घरी बीट्रिस शिलिंग यांचा जन्म झाला. खाऊच्या पैशांतून ही मुलगी हत्यारे विकत घेई. चौदाव्या वर्षी तिने मोटारसायकल मिळविली आणि तिचे इंजिन खोलून पुन्हा जोडण्याचा तिला छंदच जडला. पुढे मार्गारेट पार्ट्रिज या अभियंता बाईंच्या हाताखाली घरोघर विजेच्या तारा बसविण्याचे काम तिने केले. त्यांच्याच प्रोत्साहनाने १९२९ साली ती मँचेस्टरच्या विद्यापीठात दाखल झाली.

पदव्या मिळविल्यावर शिलिंगबाईंनी बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात सुपरचार्जरवरील संशोधनात साहाय्य केले. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र. हवा वाढली की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढवावे लागते. ते कमी पडले तर इंजिन अडखळते, अधिक झाले तर गुदमरते. हे प्रमाण साधण्यातच सारे कौशल्य असते. बाईंचे हे ज्ञान केवळ पुस्तकी नव्हते. ऑगस्ट १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर आपली नॉर्टन मोटारसायकल ताशी १०६ मैल वेगाने पळवून त्यांनी सुवर्णताऱ्याचा मान मिळविला. तो मान अवघ्या तीन स्त्रियांना लाभला.

१९३६ साली फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेत त्यांना नोकरी मिळाली. काम होते माहितीपुस्तिका लिहिण्याचे! त्यात त्यांचे मन रमेना. लवकरच त्या कार्बुरेटरच्या विभागात गेल्या.

१९४० साली ब्रिटनच्या आकाशात युद्ध पेटले. स्पिटफायर व हरिकेन विमानांना सुपरचार्जर असलेले मर्लिन इंजिन होते. परंतु वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली झुकविले की ते इंजिन क्षणभर बंद पडे. त्या झटक्याने कार्बुरेटरमधील पेट्रोल वर उसळे व इंजिन उपाशी राही. लगेच झडप सताड उघडून पेट्रोलचा लोंढा येई आणि काळा धूर सोडीत इंजिन गुदमरे. जर्मन विमानांत इंधन थेट सिलिंडरात फवारले जाई, म्हणून ती बेधडक सूर मारून निसटत. पाठीशी शत्रू असता इंजिन थांबणे म्हणजे साक्षात मृत्यूच!

नवा कार्बुरेटर तयार होण्यास वेळ लागणार होता. बाईंनी इंधनाच्या वाटेवर बसविण्यासाठी मध्यभागी छिद्र असलेली पितळेची लहानशी चकती योजिली. पूर्ण शक्तीने चालणाऱ्या इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल त्या छिद्रातून जावे, असे त्याचे माप होते. त्यामुळे लोंढा थांबला. विमान उलटे उडविता येत नसे, ही उणीव मात्र राहिलीच; तो दोष पुढे दाबाने इंधन पुरविणाऱ्या नव्या कार्बुरेटरने घालविला. चकती बसविण्यासाठी विमान कारखान्यात न्यावे लागत नव्हते, हा मोठाच लाभ होता. आपल्या जुन्या नॉर्टनवर बसून बाई एका विमानतळावरून दुसऱ्यावर जात आणि सहकाऱ्यांसह चकत्या बसवीत. मार्च १९४१ पर्यंत लढाऊ विमानांना त्या बसल्या.

युद्धानंतर शिलिंगबाई पतीसह मोटारींच्या शर्यतींत उतरल्या. संस्थेतील सर्वोच्च अधिकारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या व १८ नोव्हेंबर १९९० रोजी निधन पावल्या.