एलन टेरी : नटी आणि आई

नाटकात काम करणाऱ्या बाईचे चरित्र महिला मंडळाच्या स्मरणिकेत कशाला, असे काहीजणींच्या मनात येईल. परंतु एलन टेरी या इंग्रज अभिनेत्रीचे आत्मचरित्र वाचल्यापासून मला ती मुलांसाठी राबणाऱ्या आपल्या चारचौघींसारखीच वाटत आली आहे. म्हणून तिची ही थोडक्यात हकीकत.

एलनचा जन्म २७ फेब्रुवारी १८४७ रोजी इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे, भाड्याच्या बिऱ्हाडात झाला. आईवडील दोघेही गावोगाव फिरून नाटकांत कामे करीत. त्यामुळे शाळेची पायरी तिने कधी चढलीच नाही. शिकली ती आईबापांपाशी आणि रंगमंचावर. १८५६ साली, वयाच्या नवव्या वर्षी, लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात शेक्सपियरच्या 'विंटर्स टेल' नाटकात तिने छोट्या राजपुत्राचे काम केले. पहिल्याच प्रयोगाला खुद्द व्हिक्टोरिया राणी हजर होती. पुढे एका प्रयोगात रंगमंचाच्या फळ्यांतील चोरदारात सापडून तिच्या पायाचे बोट मोडले. प्रयोग पुरा केलास तर पगार दुप्पट करीन, असे मालकीणबाईंनी सांगितले, आणि त्या चिमुरडीने कळा सोसून काम तडीस नेले!

१८६४ साली, सतरावे वर्ष पुरे होण्याच्या आतच, तिचे लग्न जी. एफ. वॉट्स या नामांकित चित्रकाराशी झाले. नवरदेव शेहेचाळीस वर्षांचे! वर्षभराच्या आतच तिला माहेरी परत पाठवण्यात आले. पुढे एडवर्ड गॉडविन या वास्तुशिल्पज्ञावर तिचे मन बसले. पहिल्या लग्नाचा घटस्फोट झालेला नसल्याने लग्न करणे शक्य नव्हते. १८६८ साली कोणाला न सांगता ती त्याच्याबरोबर निघून गेली. त्याच सुमारास थेम्स नदीत एका तरुणीचे प्रेत सापडले व ते एलनचेच असे वडिलांनी ओळखले. धाकट्या बहिणींना सुतकाचे कपडेही चढवले गेले. पण आई स्वतः जाऊन पाहून आली. लेकीच्या अंगावरची जन्मखूण तिथे नव्हती. आईची नजर ती! बातमी कळताच एलन धावत घरी आली.

पुढची सहा वर्षे तिने खेड्यात काढली. एडिथ आणि एडवर्ड ही दोन मुले झाली. कोंबड्या पाळणे, स्वयंपाक, मुलांचे करणे यांतच तिचा आनंद होता. मात्र घरात पैसा टिकेना, कर्ज वाढत गेले. एके दिवशी रस्त्यात तिच्या घोडागाडीचे चाक निखळले असता शिकारीला निघालेले लेखक चार्ल्स रीड यांनी तिला ओळखले व पुन्हा रंगभूमीवर येण्याची गळ घातली. आठवड्याला चाळीस पौंड मिळाले तर येईन, असे तिने सांगितले, आणि त्यांनी ते कबूल केले. १८७४ साली ती परत आली ती अशी, मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून. दुसऱ्याच वर्षी गॉडविनही सोडून गेला. पण त्याच वर्षी 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील तिची पोर्शिया पाहून लंडन वेडे झाले. १८७७ साली तिने चार्ल्स केली या नटाशी लग्न केले. मुलांना समाजात नाव मिळावे, हेही त्यामागे असावे असे मला वाटते. तोही संसार टिकला नाही.

१८७८ च्या डिसेंबरात सुप्रसिद्ध नट हेन्री आयर्व्हिंग यांच्या लायसियम थिएटरात ती ऑफेलियाच्या भूमिकेत उभी राहिली आणि जवळजवळ चोवीस वर्षे ही जोडी गाजली. १८८८ साली लेडी मॅक्बेथच्या भूमिकेत तिने घातलेल्या हिरव्या झग्यावर भुंग्यांचे चमकदार पंख शिवलेले होते. सार्जंट या चित्रकाराने त्या वेषातील तिचे चित्र काढले. तथापि एक गोष्ट मला फार लागते. 'ॲज यू लाइक इट'मधील रोझालिंड ही भूमिका करण्याची तिला मोठी हौस होती. पण त्या नाटकात आयर्व्हिंगना साजेशी मोठी भूमिका नव्हती, म्हणून ते नाटक कधी झालेच नाही. १८९५ साली आयर्व्हिंग 'सर' झाले. त्यांच्याबरोबरीने तो रंगमंच तोलून धरणाऱ्या एलनला 'डेम' हा किताब मिळायला १९२५ साल उजाडले. तोवर तिला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले होते!

१९०६ साली तिच्या नाट्यसेवेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा ड्रुरी लेन थिएटरात मोठा सोहळा झाला. इटलीहून एलिओनोरा दूझे आली, कारूझो गायला. ज्या समाजाने एके काळी नावे ठेवली, तोच आता टाळ्या वाजवीत होता. पुढे दृष्टी मंदावली, संवाद आठवेनात. तरी तिने अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात शेक्सपियरच्या नायिकांवर व्याख्याने दिली. १९१६ पासून मूकपटांतही कामे केली.

२१ जुलै १९२८ रोजी केंट परगण्यातील स्मॉलहाइथ येथील आपल्या घरी तिने डोळे मिटले. माझ्यासाठी कोणी काळे कपडे घालू नयेत, असे ती सांगून गेली होती. त्याप्रमाणे लोक रंगीत कपड्यांतच निरोप द्यायला आले. एडिथने ते घर आईचे स्मारक म्हणून जपले. पुढे ते राष्ट्रीय ठेवा जपणाऱ्या संस्थेकडे गेले. तो पंखांचा झगा २०११ साली मोठ्या कष्टाने दुरुस्त होऊन तेथे परतला.

तिची मुलेही नावारूपाला आली. एडिथने नाट्यसंस्था काढली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटली. मुलगा गॉर्डन क्रेग रंगमंचरचनेतील मोठा विचारवंत ठरला. एलनचे सारेच वागणे आपणांस पटावे असे नाही, मलाही पटत नाही. पण तिसऱ्यांदा घर मोडले तरी तिने मुलांचा हात सोडला नाही आणि हातचे कामही सोडले नाही. एखाद्या बाईला नावे ठेवण्यापूर्वी, तिच्या घरची चूल कोणाच्या कष्टावर पेटते आहे, एवढे आपण विचारून पाहावे.