ससूनमधील ती रात्र आणि गांधीजींचे शांत मन



डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की मनात काय चालते, हे ज्याची ठरली आहे त्यालाच कळते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता थोड्या वेळात होते, बहुतेकांना भूल फक्त थेंबांची असते, त्याच दिवशी घरी जाता येते, हे सगळे डॉक्टरांनी समजावून सांगितलेले असते. आपल्याला ते पटलेलेही असते. तरी आदल्या रात्री झोप येत नाही. डोळा म्हणजे डोळा! त्यातून आपण जागे असणार, वरचा दिवा दिसणार, डॉक्टरांचे बोलणे ऐकू येणार.

नोएडासारख्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक काळजी असते. मुले परदेशी, भावंडे पुण्याला नाहीतर नागपूरला. मग सोबत कोण येणार?

आणि जो साधना करतो त्याला तिसराही प्रश्न छळतो, तो सहसा कोणाजवळ बोलला जात नाही. इतकी वर्षे मी नामस्मरण करतो, ध्यानाला बसतो, मग मला भीती का वाटते? माझी श्रद्धा कच्ची आहे का?

हा तिसरा प्रश्न तुमच्याही मनात असेल, तर १०० वर्षांपूर्वीची पुण्यातली एक रात्र तुम्हाला सांगावीशी वाटते. तेव्हाची शस्त्रक्रिया डोळ्याची नव्हती, पोटाची होती. रुग्ण होते महात्मा गांधी.

तुरुंगातून रुग्णालयात

मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात आणले. तुरुंगातला त्यांचा दिवस बांधलेला होता. पहाटेची प्रार्थना, चरखा, वाचन. लहानपणी भुताखेतांची भीती वाटायची तेव्हा घरातल्या रंभा नावाच्या दाईने त्यांना रामनाम घ्यायला शिकवले होते. ते नाम त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. येरवड्यातही एकही दिवस प्रार्थनेवाचून गेला नाही.

जानेवारी १९२४ मध्ये पोटात दुखू लागले आणि तापही आला. सरकारी शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक यांनी तपासले. आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, दाह झाला होता. १२ जानेवारीला त्यांना घाईने ससून रुग्णालयात हलवण्यात आले. शस्त्रक्रिया त्याच रात्री करणे भाग होते. गांधीजी तेव्हा ५४ वर्षांचे होते.

आपले डॉक्टर बोलवायचे का, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांची नावे दिली. दलालांनी १९१९ मध्ये त्यांच्यावर एकदा शस्त्रक्रिया केलेली होती, त्यामुळे तो हात ओळखीचा होता. पण दोघांशीही वेळेत संपर्क होऊ शकला नाही. कस्तुरबाही त्या रात्री जवळ नव्हत्या. आपला डॉक्टर नाही, घरचे माणूस नाही, आणि सुरी ज्याच्या हाती तो ज्या सरकारशी लढा चालू आहे त्याच सरकारचा अधिकारी. आपल्यापैकी कोणी त्या जागी असते, तर मन किती डळमळले असते याचा विचार करून पाहा.

जो येऊ शकला तो मित्र

पुण्यातल्या कोणाला भेटायचे आहे का, असेही त्यांना विचारले गेले. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, डॉ. फाटक आणि न. चिं. केळकर ही तीन नावे त्यांनी सांगितली. केळकर येऊ शकले नाहीत. शास्त्री आणि डॉ. फाटक रात्रीच ससूनला पोहोचले.

शास्त्री कोण होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. गोखल्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा त्यांनी सांभाळली होती. ते आणि गांधीजी एकाच वर्षी, १८६९ मध्ये, अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले. मात्र राजकारणात दोघांची वाट वेगळी होती. असहकाराची चळवळ शास्त्रींना मुळीच मान्य नव्हती आणि ते तसे उघडपणे बोलत. तरीही कठीण वेळी गांधीजींना आठवले ते शास्त्रीच, आणि निरोप मिळताच शास्त्री उठून आले. मतभेद दोघांनीही दाराबाहेर ठेवले.

शास्त्रींनी देशासाठी काही निरोप द्यायचा आहे का, असे विचारले. गांधीजींनी नकार दिला. आपण कैदी आहोत, कैद्याने बाहेरच्या जगाला संदेश द्यायचे नसतात, हा नियम त्यांनी त्या घटकेलाही मोडला नाही. आपल्या सुटकेसाठी कोणी चळवळ केलीच तर ती योग्य मार्गाने व्हावी, सरकारशी आपले भांडण कायम आहे, पण इंग्रज माणसांवर आपले प्रेम आहे, एवढे ते बोलले.

थरथरलेला हात

मग शस्त्रक्रियेला संमती देणारे निवेदन तयार करायचे होते. शास्त्रींनी ते लिहून काढले, गांधीजींनी ऐकून त्यात बदल सुचवले. डॉक्टरांनी आपली नीट काळजी घेतली आहे, कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, आपले डॉक्टर बोलवायची मुभा मिळाली होती पण ते वेळेत मिळाले नाहीत, आणि आता शस्त्रक्रियेला उशीर होऊ नये, असा त्याचा आशय होता. हे लिहिण्यामागे मोठा विचार होता. टेबलावर काही बरेवाईट झाले असते, तर इंग्रज डॉक्टरवर संशय आला असता आणि देश पेटला असता. स्वतःच्या जिवावर बेतले असताना त्यांनी आधी डॉक्टरला निर्धास्त केले.

अंथरुणात गुडघे वर घेऊन त्यांनी पेन्सिलीने सही केली. हात चांगलाच थरथरत होता. इंग्रजीत नाव लिहिताना शेवटच्या अक्षरावरचे टिंबही द्यायचे राहून गेले. गांधीजींनी ते झाकले नाही. पाहा, माझा हात कसा कापतो आहे, अशा अर्थाचे काहीतरी ते मॅडॉकना हसत म्हणाले, आणि आता ही ताकद तुम्हीच भरून काढा, असेही सुचवले. मॅडॉकनीही हसून तसे आश्वासन दिले.

वाचकहो, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. हात अशक्तपणाने कापला असेल, तापाने कापला असेल. शरीर आपला धर्म पाळते. श्रद्धा असलेल्या माणसाचा हात कापतच नाही, असे कुठे आहे? कापणाऱ्या हाताची त्याला लाज वाटत नाही आणि त्याच हाताने तो करायचे ते काम पुरे करतो. तुमची छाती धडधडली, रक्तदाब थोडा वाढला, म्हणून तुमची साधना वाया गेली असे मुळीच समजू नका.

दिवे गेले तेव्हा

गांधीजींना क्लोरोफॉर्म देण्यात आला आणि शस्त्रक्रिया सुरू झाली. मध्येच वादळामुळे वीज गेली. एका परिचारिकेने विजेरी धरली, थोड्या वेळाने तीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले.

ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांचा वाटा भूल चढण्यापूर्वीच संपला होता: विश्वास ठेवणे, सही करणे, मन निर्वैर करणे. पुढचे काम डॉक्टरांचे आणि दिवा धरणाऱ्यांचे होते, आणि त्यांनी ते चोख केले. आज ससूनमधली ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे.

नंतरचे दिवस

जखम भरायला वेळ लागला. पुढच्या दिवसांत कस्तुरबा आल्या, मुलगा देवदास सेवेला राहिला, चार्ली अँड्र्यूजही पुण्यात आले. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींना विनाअट सोडले. बातमी घेऊन आले ते मॅडॉकच. गांधीजींनी त्यांच्याकडे आणखी काही दिवस रुग्ण म्हणून राहू देण्याची विनंती केली. आजारपणामुळे सुटका व्हावी, हे मात्र त्यांना रुचले नाही. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला गेले.

एक गोष्ट राहिलीच. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिताना याच गांधीजींनी डॉक्टर आणि रुग्णालये यांवर कडक टीका केली होती. मग शस्त्रक्रिया कशी करून घेतली, असे पुढे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी कोणतीही सबब सांगितली नाही. या देहात जगण्याची इच्छा अजून शिल्लक आहे, ही आपली दुर्बलता आहे, असे त्यांनी सरळ मान्य केले. हा निवाडा त्यांनी स्वतःपुरता केला होता. आपण त्यातून उपचार टाळण्याची सबब काढू नये. त्यांनी त्या रात्री वेळेवर शस्त्रक्रिया करून घेतली म्हणून त्यांना पुढची २४ वर्षे काम करता आले.

तुमच्या दिवसाची तयारी

गांधीजींना भूल दिली होती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत तुम्ही बहुधा जागे असाल, म्हणून थोडी अधिक तयारी हवी.

संमतीपत्र घाईने सही करून देऊ नका. वाचा, शंका विचारा, आणि एकदा विश्वास ठेवला की पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. भीती वाटत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. त्यांनी असे रुग्ण रोज पाहिलेले असतात. मधुमेह, रक्तदाब, चालू असलेली औषधे, काही लपवू नका. टेबलावर खोकला येतोय असे वाटले तर डोके हलवण्याआधी बोला. श्वास संथ ठेवा आणि रोजचेच नाम मनातल्या मनात चालू द्या. त्या दिवशी नवीन काही साधायला जाऊ नका, जे रोज करता तेच उपयोगी पडेल.

आणि सोबतीसाठी हाक मारा. मुलगा येऊ शकत नसेल तर सत्संगातला मित्र येईल, वरच्या मजल्यावरच्या वहिनी येतील. घरी परत आणायला, थेंबांच्या वेळा लिहून ठेवायला, दोन दिवस डबा द्यायला माणूस लागते. मागताना संकोच वाटतो खरा, पण गांधीजींनीही त्या रात्री नावे सांगितली होती. त्यांतली एक व्यक्ती त्यांच्या मताची नव्हती. तुमच्याही मनात असे एखादे नाव असेल, ज्याच्याशी गेले काही महिने बोलणे झालेले नाही. तारखेच्या आधी त्याला एक फोन करून पाहा.