विश्लेषण : स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेला नाव देणारे डॉ. व्हिपल कोण होते? रोबोट आल्याने काय बदलले?

स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात कर्करोगाची गाठ आढळली आणि ती काढण्याजोगी असली, तर डॉक्टर बहुधा ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया सुचवतात. पोट उघडून करायची की रोबोटच्या साहाय्याने, हा पेच मग कुटुंबापुढे उभा राहतो. ज्यांच्या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते, त्या डॉ. ॲलन व्हिपल यांचे आयुष्य हा पेच समजून घ्यायला मदत करते.

डॉ. व्हिपल कोण होते?

त्यांचा जन्म १८८१ मध्ये पर्शियातील (आजचा इराण) उर्मिया येथे अमेरिकी मिशनरी कुटुंबात झाला. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. १९२१ पासून पाव शतक त्यांनी तेथेच शल्यचिकित्सा शिकवली. इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठी ओळखण्याची त्यांची तीन लक्षणांची कसोटी आजही वापरली जाते.

शस्त्रक्रिया कशी घडली?

स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनलिका एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे गाठीसोबत हे सारे काढून उरलेले भाग पुन्हा जोडावे लागतात. जर्मनीत वाल्थर काउश यांनी १९०९ मध्ये असा यशस्वी प्रयत्न केला होता, पण पद्धत रुळली नाही. व्हिपल आणि सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

दोन टप्पे कशासाठी?

गाठीमुळे पित्त अडले की कावीळ होते. पित्त आतड्यात न पोहोचल्याने ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठत नाही. म्हणून व्हिपल आधी पित्ताला वेगळी वाट करून देत आणि कावीळ उतरल्यावर गाठ काढत. १९४० मध्ये जठराची गाठ समजून त्यांनी एका रुग्णाचे पोट उघडले. गाठ निघाली स्वादुपिंडात. कावीळ नसल्याने त्यांनी सारे एकाच वेळी उरकले आणि रुग्ण वाचला. त्याच सुमारास ‘के’ जीवनसत्त्व उपचारासाठी उपलब्ध झाले. कावीळ असलेल्यांसाठीही एकाच टप्प्याचा मार्ग खुला झाला. तरीही १९६३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या नावावर अशा अवघ्या ३७ शस्त्रक्रिया होत्या.

रोबोटमुळे काय बदलले?

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. सर्जन शेजारच्या यंत्रावर बसून त्याचे हात चालवतात. छेद लहान असतात, रक्तस्राव सहसा कमी होतो. मात्र वेळ अधिक लागू शकतो, खर्च वाढतो आणि हात बसायला बऱ्याच शस्त्रक्रिया कराव्या लागतात. पोटाच्या आत काढायचे आणि जोडायचे भाग तेच राहतात. स्वादुपिंडाच्या जोडातून पाचकरस गळण्याचा मुख्य धोकाही दोन्हीकडे असतो. नवे तंत्र म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. नेदरलँड्समध्ये रोबोटविना दुर्बिणीने केलेल्या याच शस्त्रक्रियेची चाचणी जास्त मृत्यूंमुळे मध्येच थांबवावी लागली होती. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग रुग्णाने काय विचारावे?

व्हिपल यांनी आधी धोका ओळखला आणि मग पद्धत बदलली. रुग्णानेही तोच क्रम धरावा. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का? हे सर्जन आणि हे रुग्णालय वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात? जोड गळला तर रात्री-अपरात्री उपचाराची सोय आहे का? जिथे या शस्त्रक्रिया वारंवार होतात, तिथे मृत्यूचे प्रमाण कमी असते. रोबोट की उघडी शस्त्रक्रिया, हा प्रश्न त्यानंतरचा.